बाबांना शिवण शिकवणारी

म्हातारपणी कुणी शिक्षण विचारलं की शिंपीणमावशी सांगायच्या, "माझं दुसरीपर्यंत झालं. पण मी एका धर्मगुरूंना शिकवलंय, आणि विद्यार्थी फार ढ निघाला." ऐकणारा हसायचा. मावशी मात्र हसत नसत. हेच वाक्य पहिल्यांदा चारचौघांत बोलल्याबद्दल त्यांनी चौदा महिने तुरुंग भोगला होता. त्यामुळे आता ते हवं तितक्या वेळा बोलायचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

दुकान म्हणजे पुढची एक खोली आणि मागची अर्धी. पुढे खिडकीशी पायाचं मशीन, मधोमध कापड बेतायचं टेबल, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले बिनबाह्यांचे कपडे. मागे कापडाचे गठ्ठे ठेवायची जागा. ती इतकी चिंचोळी की तिथे दोन माणसं शेजारी बसू शकत नसत, समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागे. नवरा गेला तेव्हा त्याने मागे ठेवलं ते एक मशीन, सात वर्षांचा एक मुलगा आणि मुदत उलटून गेलेले बावीस कपडे. मावशींनी आठवडाभर रडून घेतलं आणि मग बावीसच्या बावीस कपडे शिवून दिले. दोघा गिऱ्हाइकांनी माप चुकल्याची तक्रार केली. माप बरोबर आहे, तुम्ही सुटला आहात, असं मावशींनी त्यांना तोंडावर सांगितलं.

दोऱ्याच्या शेवटी त्या गाठ मारत नसत. गाठ अंगाला टोचते, धुण्यात सुटते, आणि गाठ मारणं हे आळशी माणसाचं काम, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी एकाच जागी एकावर एक तीन उलटे टाके घालायचे, की दोरा जन्मात हलायचा नाही. शहरातले बाकीचे सगळे शिंपी गाठ मारत. त्यांचा विषय निघाला तरी मावशींचं नाक मुरडलं जाई.

प्रार्थनाघराच्या धर्मगुरूंचे पायघोळ राखी अंगरखे वीस वर्षं मावशीच शिवत होत्या. सगळं शहर त्यांना बाबा म्हणे. माप देताना बाबा एका जागी उभे राहत नसत, सारखी चुळबुळ चाले, आणि मावशी त्यांना लहान मुलासारखं दटावत. बाबा डावरे होते. जन्माच्या, लग्नाच्या नोंदी ते डाव्या हाताने लिहीत, त्यामुळे अंगरख्याची डावी बाही नेहमी आधी विरायची. त्यांची ती मागे कललेली सही शहरातल्या घराघरांत कागदांच्या पेटीत जपून ठेवलेली होती.

मुलाला मात्र मावशींनी सुईजवळ फिरकू दिलं नाही. डोळे फुटेस्तोवर काम करून त्याला शिकवलं. तो हुशार निघाला, राज्यकर्त्यांची भाषा शिकला आणि त्यांच्या रस्तेखात्यात दुभाषी म्हणून लागला. साहेब बोलले की लोकांना सांगायचं, लोक बोलले की साहेबांना. त्याच्या कोटाच्या कॉलरला मावशी स्वतः इस्त्री करत. राज्य परक्यांचं होतं हे त्यांना कळत होतं, पण कॉलर आपल्या मुलाची होती.

मग साहेबांना डोंगरातून रस्ता हवासा वाटला. पलीकडे खाणी होत्या, अलीकडे बंदर. मजूर कुठून आणायचे याचं उत्तर त्यांनी सोपं काढलं: घरटी एक माणूस, वर्षाकाठी तीन महिने, फुकट. पहिल्याच वर्षी कडा कोसळून अकरा जण त्याखाली गेले. त्यातला एक भट्टीवाल्याचा भाऊ होता, मावशींच्या समोरच्याच घरातला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरे अकरा बोलावण्यात आले.

त्या आठवड्याच्या प्रार्थनेनंतर बाबा नेहमीसारखे निरोप देऊन आत गेले नाहीत. ते म्हणाले, "रस्ता वाईट नसतो. पण ज्याला त्यावरून आपलं घर धुऊन न्यायचंय, त्याने तो स्वतःच्या हातांनी बांधावा. उद्या मी एक फावडं परत करायला जाणार आहे." भट्टीवाल्याच्या मेलेल्या भावाचं फावडं त्यांनी खांद्यावर घेतलं आणि रस्तेखात्याच्या दारात नेऊन ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्या दारात फावड्यांचा ढीग खिडकीच्या वर गेला. तिसऱ्या दिवशी गोळीबार झाला. त्यानंतर चार महिने बाबा खेड्यापाड्यांतून फिरत राहिले. ते पोचतील तिथे काम थांबत होतं, पूल उखडले जात होते, चौक्या ओस पडत होत्या. सरकारने प्रार्थनाघराला सील ठोकलं आणि चौकाचौकांत नोटीस लावली, की बाबांना घरात घेणाऱ्याला तुरुंग.

नोटिशीवरची खळ वाळली नव्हती तेवढ्यात, भर दुपारी, कापडाचा तागा खांद्यावर घेतलेला एक हमाल मावशींच्या दुकानात शिरला. मावशी मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, मी काही मागवलेलं नाही. हमालाने तागा खाली ठेवला तेव्हा त्यामागचं तोंड बाबांचंच निघालं. मावशींनी एकही प्रश्न विचारला नाही. उठून मागच्या खोलीतले गठ्ठे सरकवले, आणि परत येऊन अर्धी राहिलेली टीप पुरी केली.

एक्केचाळीस दिवस बाबा त्या खोलीत होते. मावशींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, निदान त्यांची तरी तशी खात्री होती. मुलगा तेव्हा रस्त्याच्या छावणीवर राहत असे आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी येई. त्याला त्यांनी सांगितलं, मागे कापडाला कसर लागलीय, औषध मारलंय, जाऊ नकोस. तो गेला नाही. आईच्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवय नव्हती.

हाताला काम नसलेला माणूस मावशींना बघवत नसे. चौथ्या दिवशी त्यांनी बाबांच्या हातात सुई दिली. जागा होती ती अशी, म्हणून समोर बसून शिकवलं, आणि इथेच शिकवण्यातला घोटाळा झाला. मावशी उजव्या हाताच्या, बाबा डावरे. बाबांनी समोर दिसेल तसं केलं, त्यामुळे मावशींचे टाके ज्या बाजूला कलत त्याच्या बरोबर उलट बाजूला त्यांचे कलू लागले. मावशींनी उसवून पुन्हा घालायला लावले, पुन्हा उलटेच. शेवटी त्यांनी नाद सोडला. शेवटच्या तीन उलट्या टाक्यांवर बाबा चौथा घालत. चौथा कशाला, असं मावशींनी डाफरून विचारलं, तर तीन टाक्यांवर आपला भरवसा बसत नाही, असं उत्तर मिळालं. देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा तीन टाक्यांवर विश्वास नसावा, याचा मावशींना मनापासून राग आला.

एक्केचाळिसाव्या दिवशी बातमी आली, की बाबा सापडेपर्यंत सरकारने खेड्यांतून ओलीस धरायला सुरुवात केली आहे. बाबांनी हातातला कपडा पुरा केला, दोरा तोडला, तागा खांद्यावर घेतला आणि आले तसेच भर दुपारी निघून गेले. चार कोस लांब नदीच्या पुलावर जाऊन ते सैनिकांच्या स्वाधीन झाले, म्हणजे कुठल्या दारातून आले ते कुणाला कळू नये. सरकारने खूप विचारलं. बाबांनी सांगितलं नाही. दहा दिवसांत त्यांना जहाजावर चढवलं आणि बारा दिवसांच्या अंतरावरच्या एका बेटावर ठेवलं. पत्र लिहायचं नाही, पत्र घ्यायचं नाही, कुणाला भेटायचं नाही.

तिथे बाबांनी सरकारी कपडे घालायला नकार दिला. धर्मगुरू थंडीने मेले तर जगभर बोभाटा होईल, हे साहेबांना कळत होतं. म्हणून दर सहा महिन्यांनी एक अंगरखा पाठवायचा आणि जुना दुरुस्तीला परत आणायचा, अशी परवानगी निघाली. काम अर्थातच मावशींकडे आलं. गाठोडं सरकारी, ने-आण रस्तेखात्यामार्फत, आणि ते घरी आणून देणारा मावशींचाच मुलगा. येता-जाता अधिकारी एकेक शिवण चाचपत, अस्तर उसवून कागद शोधत. त्यांना कधी काही सापडलं नाही.

पहिलाच अंगरखा परत आला तेव्हा मावशींनी तो मांडीवर पसरला. गुडघ्यावर एक वेडंवाकडं ठिगळ होतं, टाके उलट्या बाजूला कललेले, शेवटी चार उलटे टाके. बाबा जिवंत होते आणि अजून ढच होते.

पुढचे अंगरखेही त्या वाचत गेल्या. घेराला काटे लागलेले दिसले, म्हणजे बाहेर फिरू देत होते. बाह्यांना माती, म्हणजे काहीतरी लावत होते. कमरेशी चुण्या पडल्या, म्हणजे वाळले होते. पुढचा अंगरखा मावशींनी दोन बोटं आत घेऊन शिवला. गाठोडं आलं की गल्ली दुकानासमोर जमायची आणि मावशी कापड दाखवून सगळं सांगायच्या. फक्त टाक्यांबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. बाबांना सुई धरता येत नव्हती हे शहराला ठाऊक होतं. मग ते कुठे शिकले, असं कुणी विचारलं असतं तर?

तीन वर्षं अशी गेली. रस्त्याच्या कामावर कुणी जात नव्हतं. त्यापायी लोकांची गुरं जप्त झाली, घरं सील झाली, तरी जात नव्हतं. आणि मग सहावा अंगरखा आला. त्याची डावी बाही नव्यासारखी होती, उजवीची कड विरलेली. उजव्या कोपरावर दोन ठिगळं होती. एक बाबांच्या नेहमीच्या उलट्या टाक्यांचं. दुसऱ्याचे टाके सरळ बाजूला कलत होते, मुंगीने चालत जावं तसे डगमगत, एक मोठा, एक बारीक. पण शेवटी एकावर एक चार. मावशींनी ते चार टाके बोटाने पुन्हा मोजले. शिवणारे बाबाच होते. फक्त उजव्या हाताने शिवत होते, कारण डावा हात गेला होता, आणि बाहीची कड बघता जाऊन कित्येक महिने झाले होते. त्या दिवशी त्यांनी गल्लीला सांगितलं, तब्येत ठीक दिसते. दमलेल्या लोकांना आणखी खचवायचं त्यांच्या जिवावर आलं.

आठच दिवसांनी प्रार्थनाघराचं सील काढून सगळ्यांना अंगणात बोलावण्यात आलं. एका बाजूला फावडी ओळीने मांडलेली होती. मावशी पायरीवर बसल्या. रिकाम्या हाताने बसायची त्यांना सवय नव्हती, म्हणून तोच अंगरखा मांडीवर होता आणि सुई चालू होती. साहेब उभे राहिले, शेजारी इस्त्रीच्या कॉलरचा मुलगा. त्याने कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की बाबांना झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप झाला आहे, ते सुखात आहेत, लोकांनी रस्त्याच्या कामावर परत जावं, ही त्यांची इच्छा आहे. खाली मागच्याच महिन्याची तारीख आणि सही. खात्री हवी असेल त्याने येऊन बघावं, असंही साहेबांनी सांगितलं.

लोक बघून आले. सही बाबांचीच वाटत होती, मागे कललेली, ठसठशीत. दोन म्हाताऱ्यांनी तिला हात लावून डोळे पुसले. पुढच्या रांगेतले चार जण फावड्यांकडे चालू लागले. तीन वर्षांचा थकवा त्यांच्या खांद्यांवर दिसत होता, आणि बाबांनीच सांगितल्यावर कुणाला काय म्हणायचं होतं?

मावशी उठल्या. त्यांनी अंगरखा उंच धरला आणि दोन्ही बाह्या सगळ्यांना दाखवल्या. डावा हात निकामी झालेला माणूस अशी सही करू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग दोन्ही ठिगळं दाखवली, एक आधीचं डाव्या हाताचं, एक नंतरचं उजव्या हाताचं. मुलगा एकेक वाक्य साहेबांना सांगत होता. फावड्यांकडे निघालेले चौघे थांबले.

साहेब मूर्ख नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, की हे ठिगळ एखाद्या पहारेकऱ्याने लावलेलं नसेल कशावरून, आणि तुमचे बाबा शिवायला लागले कधीपासून? मुलाने प्रश्न आईला सांगितला. पाठोपाठ, ओठ न हलवता, स्वतःचं जोडलं, "आई, घरी जा."

मावशींना सगळं लख्ख दिसत होतं. उत्तर दिलं तर तुरुंग आपल्याला, आणि जिच्या घरात बाबा लपले तिच्या मुलाला उद्या सरकारी नोकरी राहणार नाही. नाही दिलं तर ते चौघे फावडी उचलतील, आणि त्यांच्या मागून सगळं अंगण. चौघांतला एक भट्टीवाला होता. मावशींनी मुलाच्या कॉलरकडे एकदा बघितलं.

"त्यांना मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गावंच्या गावं उलटीपालटी करत होता तेव्हा एक्केचाळीस दिवस ते माझ्या दुकानात मागच्या खोलीत बसून शिवत होते. शिकवण्यात माझं चुकलं असेल, पण ओळखण्यात चुकणार नाही."

आता अंगणात खळबळ उडेल अशी मावशींची अपेक्षा होती. काहीच झालं नाही. भट्टीवाला नाक खाजवत आभाळाकडे बघत होता. दूध घालणारी म्हातारी पदराशी चाळा करत होती. शेजारीण तर चक्क मान डोलावत होती. मावशींच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं आपण जिवापाड सांभाळलेलं गुपित अख्ख्या गल्लीला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. अशाही वेळी त्यांना थोडा अपमान वाटला. आश्चर्य एकाच चेहऱ्यावर होतं, त्यांच्या मुलाच्या.

त्याने मनात आणलं असतं तर साहेबांना काहीही सांगता आलं असतं. म्हातारी भ्रमिष्ट आहे, म्हणाला असता तरी खपलं असतं. मग तो साहेबांकडे वळून बोलला. मावशींची तीन वाक्यं होती, तो त्याहून बराच जास्त बोलला. साहेबांनी चमकून आधी मावशींकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं, आणि सैनिकांना दोन बोटं दाखवली.

फावड्यांना त्या दिवशी कुणी हात लावला नाही. भट्टीवाला आधी वळला, मग बाकीचे, आणि अंगण रिकामं झालं. सरकारला ती फावडी पुन्हा गाडीत भरून न्यावी लागली. तो रस्ता अजूनही दरीच्या अलीकडे संपतो. बाबा दोन वर्षांनी परत आले, डावा हात गळ्यात बांधलेला. असला कागद आपण कधी डोळ्यांनीही बघितला नाही, हे त्यांनी पहिल्याच प्रार्थनेला सांगितलं. पण त्या दुपारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. तुरुंगाची बंद गाडी उभी होती आणि मावशींना तीत चढवलं होतं. मागोमाग त्यांच्या मुलाला चढवलं, तेव्हा निरोप घ्यायला येऊ दिलं असेल असं त्यांना वाटलं. पण गाडी सुरू झाली तरी तो उतरला नाही.

"साहेबाला एवढं काय सांगत होतास?" त्यांनी विचारलं.

"तू बोललीस ते. जसंच्या तसं."

"आणि पुढे?"

"पुढचं माझं होतं. मलाही ठाऊक होतं, असं सांगितलं."

मावशी ताडकन उठल्या आणि समोरच्या पहारेकऱ्याला हात नाचवून सांगू लागल्या, की हा खोटं बोलतोय, याला काही ठाऊक नव्हतं, याला सोडा. पहारेकऱ्याला त्यांची भाषा येत नव्हती. सवयीने त्याने दुभाष्याकडे बघितलं.

"सांग त्याला," मावशी मुलावर ओरडल्या.

"दुभाष्याला नोकरीवरून काढलंय," मुलगा म्हणाला. "नवा येईपर्यंत थांबावं लागेल."

मावशी मटकन खाली बसल्या. असं का केलंस, एवढंच त्यांना विचारता आलं.

"मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आई. सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दूधवाल्या म्हातारीलासुद्धा. सबंध गल्लीत तू माझ्या एकट्यापासून लपवलंस. मी जाऊन सांगितलं असतं, असं वाटलं तुला?"

उत्तर मावशींच्या ओठांवर तयार होतं. तुला माहीत नसेल तर तुला त्रास नाही, तुझ्या भल्यासाठीच लपवलं. तीन वर्षं त्यांनी स्वतःला हेच सांगितलं होतं. पण खरं ते नव्हतं, आणि समोर बसलेल्या मुलाला त्यांना आज खोटं सांगवेना.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच वाटलं होतं. चुकलं माझं."

गाडी पूल ओलांडून खडीवर लागली. मग मुलगा उठला आणि त्यांच्या बाजूला येऊन बसला. पहारेकरी खेकसला. मुलाने त्याच्याच भाषेत काहीतरी उत्तर दिलं, आणि तो गप्प झाला.

"काय म्हणत होता?" मावशींनी विचारलं.

"कैद्याने जागा बदलायची नाही म्हणाला."

"मग तू काय सांगितलंस?"

"ही माझी आई आहे, म्हणून सांगितलं."